डाव्या चाकाकडचा आवाज

कट्टा गावच्या बाजारातून घरी परतताना मोठा रस्ता सुटला, गाडी वाडीच्या पाणंदीत वळली आणि डावे चाक जमिनीतून डोके वर काढून बसलेल्या जांभ्या दगडावर चढून उतरले, तेव्हा गुरुदास कोयंड्यांना खालून कुठून तरी 'टुक्' असे ऐकू आले. एवढेच. मोडल्याचा नव्हे, तुटल्याचा नव्हे. कोणी भिडस्त पाहुणा अंगणात येऊन उभा राहावा आणि हाक मारावी की नको या विचारात नुसता घसा खाकरून गप्प व्हावा, तसा आवाज. गुरुजींनी पाय ब्रेकवर नेला, पुन्हा काढला. शेजारी पार्वतीबाई मांडीवर कर्ली माशांची पिशवी धरून बसल्या होत्या.

"आयकलंस गो?" गुरुजींनी विचारले.

"काय?"

"आवाज. खालसून इलो. डाव्या चाकाकडसून."

"खयचो आवाज? माका काय नाय आयकाक इलो," पार्वतीबाई म्हणाल्या, आणि पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखे काही नव्हते. सामंतांचा दगडी गडगा होता आणि गडग्यावर वाळत घातलेली गोधडी होती.

गुरुजींना आपल्या कानांचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नव्हता. उभा जन्म प्राथमिक शाळेत गेला. फळ्याकडे तोंड करून भागाकार लिहीत असताना पाठीमागे कोण चिंच खातो आहे, कोण पाटीवर थुंकून बाहीने पुसतो आहे आणि कोणाचे नुसतेच ओठ हलताहेत, पाढा येत नाही, हे त्यांना मान न वळवता कळत असे. "पाठीक पण कान आसत गुरुजींच्या," असे पोरे म्हणत. निवृत्त झाल्यावर कणकवलीच्या एका डॉक्टरांनी वापरलेली पांढरी मारुती त्यांनी घेतली, तीही आधी डोळे मिटून, इंजिन ऐकून. डॉक्टर हसले होते. ते म्हणाले, गुरुजी, तुम्ही माझ्यापेक्षा बरे तपासता. त्यालाही आता सहा-सात वर्षे होऊन गेली. दोन हजार पाच सालातला मे महिना चालला होता, आणि गाडी गुरुजींच्या नोकरीतल्या शेवटच्या वर्गातील पोरांपेक्षाही वयाने मोठी झाली होती. मुंबईचा मुलगा रविराज फोनवर दर वेळी तेच सांगायचा, "बाबा, गाडी वाजायला लागली ना, की विकून टाकायची. त्या वयाची गाडी आणि तुमच्या वयाचा माणूस, दोघांनी एकदम रस्त्यावर हिंडू नये." गुरुजी त्यावर हसत, पण त्यांनी स्वतःशी एक नियम केला होता आणि तो रविराजच्या नियमापेक्षा कडक होता. गाडी वाजली तर दुरुस्त करता येते. आपण वाजायला लागलो, म्हणजे डोळ्यांनी नसलेले दाखवले किंवा कानांनी नसलेले ऐकवले, की त्या दिवशी किल्ली खुंटीला लावायची. कारण मागच्या सीटवर दुसऱ्यांची पोरे असतात. सुट्टीत वाडीतल्या पोरांना वालावलचे तळे दाखवायला, कणकवलीच्या स्टेशनात रेल्वे कशी थांबते ते दाखवायला तेच नेत. पुस्तकातले तळे आणि खरे तळे यांत फरक काय, हे पोराने स्वतः सांगावे, अशी त्यांची शिकवण्याची रीत.

तेव्हापासून तो आवाज रोज येऊ लागला. बाहेर पडताना नाही, येताना मात्र हटकून, त्याच दगडावर. देवळाकडच्या वळणावरही, तिथे वडाचे मूळ रस्त्यात आले आहे. कधी एकदा, कधी लागोपाठ दोनदा. रोज ते पार्वतीबाईंकडे बघत, आणि पार्वतीबाई रोज खिडकीबाहेर बघत असत. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर त्यांनी विचारायचे सोडून दिले. विचारणे सोपे होते. नाही हे उत्तर घेऊन पुढची पाणंद पार करणे कठीण होते. घरी येऊन ते गाडी माडाखाली लावत आणि इंजिन बंद करून थोडा वेळ तसेच बसून राहत, स्टिअरिंगवर हात ठेवून. बंद गाडीत तापलेल्या लोखंडाचे बारीक तडतडणे ऐकू येई, दूर खाडीवरून कोणाच्या तरी होडीचे मशीन फुटफुटत जाई, आणि मग कानात उरे ते फक्त स्वतःचे रक्त. हे तरी खरे ना? हे कोणाला विचारणार?

आणि अशा वेळी बापूस आठवे. हरिश्चंद्र कोयंडे, खाडीवरचा जुना माणूस. आयुष्यभर तरीची होडी हाकून उतारू खाडीपार नेले, आणि शेवटच्या वर्षात तेही नसलेले ऐकू लागले. तिन्हीसांजेला पडवीत बसल्या बसल्या मान ताठ करायचे आणि म्हणायचे, "पलीकडसून कोण तरी हाक मारता. उतारू आसा. होडी लावा." आई चुलीपुढून उत्तर द्यायची, "कोण नाय थय. गप बसा." तेव्हा पूल झाला होता, तरीवर उतारू उरला नव्हता. तरुण गुरुदास तेव्हा हसला नव्हता, पण बापसाच्या शेजारी बसून त्याने कानही दिला नव्हता. म्हातारपण आले, इतकेच मनात म्हणाला होता. तोच शब्द आता माघारी येऊन त्यांच्याच पडवीत बसू बघत होता. रक्ताबरोबर नाक येते, कपाळ येते. हाकही येत असेल काय?

शेवटी एका सकाळी ते गाडी घेऊन कट्ट्याला बाबली मेस्त्रीच्या गॅरेजवर गेले. एसटीच्या थांब्यामागे, फणसाखाली, पत्र्याच्या मांडवात बाबलीचे राज्य. चौथीपर्यंत तो गुरुजींच्याच हाताखाली होता. दिवसा गाड्या दुरुस्त करायचा आणि रात्री डबलबारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनी सामन्यात, पखवाज वाजवायचा. त्यामुळे बोटे कायम चालू, समोर बॉनेट असो नाहीतर जेवणाचे ताट.

"बाबल्या, डाव्या चाकाकडे आवाज येता."

"येवंदे, गुरुजी. बघूया." बाबली आत बसला. गाडी बाजारातल्या गतिरोधकावरून हळू नेली, जोरात नेली, उलटी नेली. गुरुजी शेजारी श्वास रोखून बसलेले. काही नाही. गाडी खाली-वर झाली, सीटची स्प्रिंग कुरकुरली, एवढेच.

"खय आसा आवाज?" बाबलीने विचारले.

"रोज येता रे."

"माका येवक नाय."

"तुझे कान डबलबारीत गेले."

"कान गेले म्हणान ठेको चुकना नाय, गुरुजी. गाडी तालात आसा." मग त्याने आवाज जरा मऊ केला, आणि तो मऊपणाच गुरुजींना लागला. "येक सांगू? राग मानू नकात हां. येकदा मालवणात जावन कान दाखवन येवा. माझ्या सासऱ्याक असोच कानात शिटी वाजल्याचो भास होय होतो. थेंब घातल्यानी, बंद झालो."

गुरुजी "बरा" म्हणाले. येताना दगडावर 'टुक्' झाले तेव्हा त्यांनी ऐकलेच नाही असे दाखवले. कोणाला दाखवले? गाडीत दुसरे कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरे नेहमीप्रमाणे पडवीत जमली. सुट्टीतली ही शाळा कोणी भरवली नव्हती. एक आले म्हणून दुसरे आले, आणि आता पाच-सहा जणांना सकाळी गुरुजींकडे न येणे चुकल्यासारखे होई. त्या दिवशी गुरुजींनी धडा निवडला तो कानाचा. तोंडाने म्हणाले, "आज डोळे मिटून ऐकायचं. जो आवाज ऐकू येईल तो सांगायचा, आणि तो किती लांबून आला तेही." मनात मात्र हा धडा पोरांसाठी नव्हता. परीक्षा त्यांची होती, आणि परीक्षक ही पोरे. फक्त पोरांना ते ठाऊक नव्हते. सगळे डोळे मिटून बसले. गुरुजीही बसले, मांडी घालून, पोरांच्या रांगेत.

"झावळ पडली," एक म्हणाले. ऐकली होती. "येशीच्या घरात मिक्सर लागलो." ऐकला होता. "कवडा ओरडता." तोही. गुरुजींच्या छातीतली एकेक गाठ सुटत चालली. ते ऐकतात ते सगळे पोरे ऐकतात, पोरे ऐकतात ते सगळे ते ऐकतात. "माका माझ्या पोटात आवाज येता," ओमकार म्हणाला. "तो घावनाचो," कोणीतरी म्हणाले, आणि हसण्याची एक लाट पडवीभर गेली.

तेवढ्यात जान्हवी म्हणाली, डोळे तसेच घट्ट मिटलेले, "गुरुजी, आता नाय येणा तो आवाज चलात?"

जान्हवी शेजारच्या परबांची नात. चौथीत जाणार होती, समोरचे दोन दात पडलेले, आणि शंका काढण्यात वकिलाला भारी.

"आता येत नाही, म्हणजे कधी येतो?"

"तुमी बाजारातसून येतास तेव्हा. तुमची गाडी दगडार टुक करता."

गुरुजींनी डोळे उघडले. बाकीची पोरे अजून मिटूनच बसली होती, आज्ञाधारकपणे. "तू ऐकलंस?" त्यांनी विचारले. आवाज त्यांना स्वतःलाच पोरकट वाटला.

"सगळ्यांनी आयकलेला आसा. हो ओमकार तुमका 'टुक गुरुजी' म्हणता. टुक गुरुजी इले, चला दप्तर घेवा, म्हणता."

ओमकारने डोळे उघडून जान्हवीला चिमटा काढला. आता छडी नसली तरी कान पिळला जाणार, या तयारीने त्याने मानही कलती केली. पण गुरुजी हसत होते. आधी हळू, मग खांदे हलवून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आयुष्यात त्यांना पोरांनी पुष्कळ नावे ठेवली असतील, काही त्यांनी ऐकलीही होती; पण या नावाइतका आनंद कशानेच दिला नव्हता. वाडीच्या पोरांनी ज्याच्यावरून नाव ठेवले तो आवाज भास कसा असेल? ते उठले, आत गेले आणि पार्वतीबाईंनी डब्यात लपवलेले गूळ-बेसनाचे खाजे आणून त्यांनी पोरांपुढे ठेवले. ओमकारला सगळ्यांत मोठे.

आनंद ओसरल्यावर मात्र दोन गाठी नव्या पडल्या. पहिली अशी, की आवाज खरा, तर बाबलीला तो का आला नाही? आणि दुसरी अधिक खोल. आवाज खरा, पोरांना अंगणातून ऐकू येतो, तर हातभर अंतरावर बसणाऱ्या पार्वतीला का येत नाही? म्हणजे हिचेच कान गेले की काय? त्या दिवशी दुपारभर ते बायकोच्या मागे मागे हिंडले. न्हाणीत चमचा पाडून बघितला, "काय पाडलात?" असे स्वयंपाकघरातून आले. पाठमोरे उभे राहून अगदी हळू "पार्वती" म्हणून बघितले, "काय व्हया?" कोठीत शिरून गुळाच्या डब्याचे झाकण नखाने नुसते हलवले, तर परसातून करडा आवाज आला, "साखर वाढलेली आसा तुमची, डबो ठेवा खाली!" हिचे कान शाबूत होते. शाबूत कसले, तिखट होते. गुरुजी गूळ न खाताच बाहेर आले, आणि त्या कोड्याला तूर्त बाजूला ठेवले. कोडे बाजूला ठेवणे त्यांना पोरांना शिकवावे लागे तसेच स्वतःलाही अधूनमधून शिकवावे लागत असे.

पहिल्या कोड्याला त्यांनी दुसऱ्या सकाळी पोरांनाच जुंपले. गाडीच्या पुढच्या भागात खाली काय काय असते ते गुरुजींना साधारण ठाऊक होते. एक वाकडा लोखंडी दांडा डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे गेलेला असतो. बाबली त्याला बॅलन्स रॉड म्हणतो, आणि तो रबराच्या गुटक्यांत, म्हणजे बुशांत, धरलेला असतो. पोरांना त्यांनी तो होडीवरून सांगितला. "होडीच्या बाजूला लाकडाचा ओंडका बांधतात ना, उलांडी? ती काय करते?"

"होडयेक कलांडाक देणा नाय."

"शाबास. हा दांडा म्हणजे गाडीची उलांडी. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली की हा तिला ओढून धरतो." मग एक वेत घेऊन दोन पोरांच्या हातांत त्याची दोन टोके दिली. दोघांनी एकदम हात वर करा. वेत नुसता वर गेला. दोघांनी एकदम खाली. वेत खाली आला. "आता एकट्या डाव्याने वर." वेत वाकला, पिळला, आणि दुसऱ्या टोकाच्या पोराच्या मुठीत करकरला.

गुरुजी तिथेच थांबले. शिकवता शिकवता एखादी गोष्ट आपल्यालाच पहिल्यांदा कळावी आणि ती तोंडाने आधी बाहेर पडावी, असे त्यांचे पुष्कळदा होई. शिक्षकाच्या धंद्यातली हीच खरी वरकमाई. गतिरोधक रस्त्याला आडवा. दोन्ही चाके एकदम चढतात, एकदम उतरतात. दांडा पिळतच नाही, मग वाजेल कशाने? दगड एका अंगाला, मूळ एका अंगाला. आवाज यायला चाकांमध्ये फरक पडावा लागतो. बाबलीने गाडी जिथे मुकी असते तिथेच तिला बोलायला सांगितले होते. आणि बाजारात जाताना दगड उजव्या चाकाखाली येतो. त्या बाजूची रबरे अजून धड असतील.

"गुरुजी, सोडू काय?" वेत धरलेल्या पोराने विचारले. त्याचा हात दुखू लागला होता.

पोरांना गाडीत भरून गुरुजी तडक कट्ट्याला गेले. बाबलीला शेजारी बसवले आणि डावे चाक फणसाच्या मुळावर घातले. टुक्.

"आयकलंस?" मागून सहा तोंडे ओरडली.

"आयकलंय रे, आयकलंय! कान फोडशात." बाबलीने कपाळाला हात लावला. "बॅलन्स रॉडचे बुश गेले, गुरुजी. पण गेल्या साली सर्व्हिसिंगात तर नवे घातलेले. त्याच्या आदल्या सालीय घातलेले. बनावट माल येता हल्ली, दुसरा काय."

त्याने गाडी खड्ड्यावर घेतली, आत उतरला आणि पुढची चाके उचलून दांड्याच्या टोकाचे नट सोडले. रबर बाहेर आले ते रबर म्हणून ओळखू येईना. फुगलेले, बुळबुळीत, आमसुलाच्या आगळात पडून राहिलेल्या सालीसारखे. बाबलीने बोटाने दाबले तर बोट आत रुतले. "ह्याचो तर गूळ झालो," तो म्हणाला, आणि नाकाशी नेऊन त्याने तोंड वाकडे केले. "गुरुजी, मोरी मासो शिजवलात काय हेच्यात?"

गुरुजींनी ते हातात घेतले. वास ओळखीचा होता. ओळखीचा म्हणजे किती, तर त्या वासाबरोबर किनाऱ्यावर उपडी घातलेली होडी आली, तिच्या खाली उताणे पडलेले बापूस आले, आणि काथ्याचा बोळा मोरीच्या तेलात बुचकळून फळीवर फिरवणारा त्यांचा हात आला. मोरी म्हणजे मोठा दातेरी मासा. त्याच्या तेलाने होडीचे लाकूड खारे पाणी पीत नाही. पावसाळ्याआधी सगळी खाडी त्या वासाने भरून जाई. लहान गुरुदास शेजारी पडून ठिबकणारे थेंब चुकवत असे, आणि बापूस म्हणे, "पोट बघ आधी. होडयेचा वय पोटार कळता." गाडी घेतली त्या वर्षापासून गुरुजी दर वैशाखात तेच करत आले होते. खाऱ्या वाऱ्याने पत्रा सडतो, म्हणून चटई टाकून खाली शिरायचे आणि गाडीच्या पोटाला मोरीचे तेल चोपडायचे, सढळ हाताने, एकही कोपरा न सोडता. दांडा, नट, रबरे, सगळे. वाडीतली मांजरे मग महिनाभर गाडीखालीच संसार मांडत. पत्रा खरोखरच सडला नव्हता. लाकडाला जे मानवले ते लोखंडालाही मानवले होते. पण होडीला रबर कुठे असते?

"बाबल्या, तुझो माल बनावट नाय," ते म्हणाले. "तेल माझा." आणि पोरांकडे वळून, गुन्हा कबूल करण्यापेक्षा धडा सांगण्याच्या सुरात, "घरी गेल्यावर एक प्रयोग करायचा. कोणाकडे जुना खोडरबर आहे?" जान्हवीने खिशातून काढून दाखवला. पुढे तो खोडरबर करवंटीत मोरीच्या तेलात चार दिवस पडून फुगला, आणि पोरांनी तो बोटांनी दाबून दाबून त्याचा चेंदा केला. पण तेव्हाच, गॅरेजमध्ये, गुरुजींना उत्तर माहीत होते. प्रेमाने चोपडलेल्या तेलाने मऊ पडून गेलेले ते रबर त्यांनी टाकून दिले नाही. उगाच थोडा वेळ तळहातावर धरून ठेवले. वर्षाला एकदा आपण किती मनापासून हे करत होतो!

बाबलीने नवी रबरे घातली, मधल्या पकडींतली आणि टोकांचीही, दोन्ही बाजूंची. नट हाताने फिरवले, पण आवळले नाहीत. गाडी चाकांवर उतरवली आणि खड्ड्यातून ओरडला, "आता भार व्हयो. पोरांनू, सगळे आत बसा. गुरुजी, तुमीय. लोंबत्या चाकार आवळला तर रबर पिळलेलाच रवता, मगे लगेच फाटता. गाडी रस्त्यार बसता तशी बसाक व्हयी." गाडी भरली. मागे चार, पुढे गुरुजींच्या शेजारी जान्हवी आणि तिच्या मांडीवर सगळ्यांत धाकटा.

"हलाचा नाय हां!"

"ओमकार हलता!"

"मी नाय, माझा पोट हलता!"

"ओमकाराच्या पोटाक येक पानो लावा रे कोण तरी," खालून बाबली म्हणाला. पाना फिरत होता. पायांखाली, पत्र्यापलीकडे, एकेक आटा बसताना कळत होता, आणि बाबली त्यातही ठेका सोडत नव्हता. श्वास धरून बसलेल्या त्या पोरांच्या उबेत, घामाच्या आणि आंब्याच्या वासात गुरुजींना वाटले, आपण कधी एखाद्या गोष्टीचा भार म्हणून इतक्या सुखाने बसलो नव्हतो.

संध्याकाळी त्यांनी पार्वतीबाईंना म्हटले, चल, वालावलला जाऊन येऊ. लक्ष्मीनारायणाचे दर्शन होईल. गाडीचे काय केले ते मुद्दाम सांगितले नाही. पोरांनाही गप्प बसवले होते. हिला कधी आवाज आलाच नाही, तर तो गेल्याचे तरी कशाला सांगा? त्यात थोडा रुसवा होता, आणि तो आपल्याला शोभत नाही हेही त्यांना कळत होते. आधी पेट्रोल भरायला उलट दिशेला बाजारात जाऊन यावे लागले. परत येताना पाणंद आली. दगड आला. डावे चाक चढले, उतरले.

काही नाही. मऊ, गोल, भरल्या पोटाची शांतता.

"गेलो एकदाचो!" पार्वतीबाई म्हणाल्या.

गुरुजींनी गाडी तिथेच उभी केली. "काय गेलो?"

पार्वतीबाईंनी पदर नीट केला. खिडकीबाहेर बघितले. पण सामंतांची गोधडी आज गडग्यावर नव्हती. "काय नाय," त्या म्हणाल्या.

"पार्वती."

"येय होतो माका. पयल्या दिसापासून." त्या एकदम वळल्या आणि भांडणाच्या सुरात बोलू लागल्या, कारण दुसरा सूर सापडेना. "मगे काय करू? झिलान काय सांगलेला आसा? गाडी वाजाक लागली की इकूची. मी होय म्हटलंय असता, तर तुमी रविवारी फोनार तेका सांगलास असता. तुमका खोटा बोलाक येता खय? म्हटला, दोघांका येता म्हणान झाला तर तो खरो आवाज. येकट्याक येता तर तो... तर कायच नाय. आपसूक बंद जायत."

"एकट्याला येतो, तर तो माणूस काय समजेल, ते नाही आलं तुझ्या मनात?"

"काय समजतलो?"

गुरुजींनी सांगितले. कान दाखवून ये म्हणालेला बाबली, किल्ली आणि खुंटी, स्वतःच्या रक्ताचा आवाज ऐकत माडाखाली बसलेल्या संध्याकाळी. बापसाची हाक सांगताना ते थोडे अडखळले. पार्वतीबाई ऐकत गेल्या आणि त्यांचा चेहरा पडत गेला. नवी सून म्हणून त्या त्याच पडवीत वावरल्या होत्या, सासऱ्यांना मामा म्हणत. त्या म्हणाल्या, "मामांची हाक काय सगळी खोटी नव्हती. पलीकडचो दाजी पूल झालो तरी तरीवर येवन ओरडी होतो. पुलापर्यंत चालाक नको म्हणान. सासूबाय आयकी होते. पण मामांका उठान देवचा नव्हता, छातयेत दुखय होता ना तेंच्या."

गुरुजी समोरच्या काचेतून बघत राहिले. काचेवर काजूचे एक पान येऊन पडले होते. आई चुलीपुढून "कोण नाय थय" म्हणाली होती, आणि पलीकडे खरेच कोणी उभे होते. बापसाचे कान शेवटपर्यंत चांगले होते. कुठल्यातरी खोल, न विचारलेल्या जागी त्यांना इतके हलके वाटले की हातांनी स्टिअरिंग सोडून दिले. रागवायचे होते, ते राहूनच गेले. बापसाला आणि आपल्याला घरातल्या ज्यांनी ज्यांनी नाही म्हटले, त्यांच्या हातांनाही तेच प्रेमाने चोपडायचे तेल लागले होते, हे त्यांना आता ठाऊक होते.

"माझा चुकला," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या.

"यापुढे ऐकू आलं की सांगायचं. रव्या काय म्हणायचा ते म्हणेल. त्याला मी बघतो."

"सांगतंय."

गाडी निघाली. वळण सुटले, खाडीचे पाणी डाव्या हाताला चमकू लागले. मग पार्वतीबाईंनी गुरुजींच्या मनगटावर बोट ठेवले.

"रवा. हळू करा."

"काय झालं?"

"मागसून कुय् झाला. खड्ड्यात गेली तेव्हा. उजव्या बाजूक."

गुरुजींनी वेग कमी केला. "झालं खरं," ते म्हणाले. "पण डाव्या बाजूला."

"उजव्या."

"डाव्या गो."

"बाबली सांगता ता खरा मगे. येकदा कान दाखवन येवा."

गुरुजी इतके मोठ्याने हसले की बांधावरचा बगळा उडाला. दोघांनी आपापली काच खाली केली, माना बाहेर काढल्या आणि तो आवाज पुन्हा यावा म्हणून दोघेही वालावलच्या रस्त्यावर पुढचा खड्डा शोधू लागले.